भिंत सुकली, तरच रंग टिकला

अकोले तालुक्यात पावसाळा सरला तरी भिंती ओल धरून असतात. दिवाळीच्या घाईत रंग दिला, की पापुद्रे सुटतात आणि बचतीचा पैसा वाया जातो.

आधी भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवा. दुसऱ्या दिवशी आत थेंब दिसले, तर थांबा. गळती बुजवा, भिंत सुकू द्या.

चुना हाताला लागत असेल, तर खरवडून, पुसून प्रायमर द्या. जुना तेलरंग ओला करूनच घासा, मुलांना लांब ठेवा. नव्या रंगात शिशाला २०१७ पासून दहा लाखांत ९० भागांची मर्यादा आहे. जुन्यात ते जास्त असू शकते.

साधा डिस्टेंपर स्वस्त, पण ओल्या फडक्याने निघतो. स्वयंपाकघरात पुसता येणारे इमल्शन बरे. डब्यावर सांगितले तेवढेच पाणी घाला. पहिला हात पूर्ण सुकला, की मगच दुसरा.