ऑर्डर गेली कुठे? वेबसाइटच्या बिघाडाची तपासणी

आपल्या समाजातील व्यापारी व कारागीर बंधू आता दुकानासोबत वेबसाइटही चालवू लागले आहेत. कांजूरमार्ग ते घाटकोपर पट्ट्यात फर्निचर, फॅब्रिकेशन, शिलाई किंवा बेकरीचा धंदा करणाऱ्याला त्यामुळे दूरचे गिऱ्हाईक मिळू शकते. परंतु एक तक्रार वारंवार उद्भवते. गिऱ्हाईक म्हणते, "पडद्यावर 'ऑर्डर मिळाली, धन्यवाद' असे आले." इकडे वहीत नोंदच नाही! कधी एकाच मालाच्या दोन ऑर्डरी पडतात. वेबसाइट बनवणारा "नेट स्लो असेल" म्हणून मोकळा होतो. या उत्तरावर समाधान मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्वी प्रत्येक क्लिकला संपूर्ण पान नव्याने उघडावे लागे. १९९९ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरमध्ये पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची सोय केली. २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'एजॅक्स' हे नाव दिले. २००६ मध्ये जॉन रेसिग यांनी 'जेक्वेरी' ही जावास्क्रिप्टची मोफत लायब्ररी प्रसिद्ध केली. सर्व्हरला मागणी पाठवणे आणि मेनू सरकवणे, चित्र हळूहळू उमटवणे ही कामे तिने सोपी केली. वर्डप्रेससोबत ती आजही येते, म्हणून छोट्या धंद्यांच्या वेबसाइटवर ती हमखास आढळते.

आता मूळ मुद्दा. दुकानदार पोऱ्याला चिठ्ठी देऊन गोदामात पाठवतो आणि स्वतः पुढचे गिऱ्हाईक पाहतो. पोऱ्या लवकर येईल, उशिरा येईल किंवा रिकाम्या हाताने येईल. एजॅक्सचे असेच आहे. मागणी पाठवून प्रोग्राम पुढे चालू लागतो, उत्तरासाठी थांबत नाही. पोऱ्या परतण्याआधीच "माल आहे" असे सांगणे जसे चुकीचे, तसेच उत्तर येण्याआधी 'धन्यवाद' दाखवणेही चुकीचे. हा संदेश यशस्वी उत्तर आल्यावर चालणाऱ्या भागातच लिहिलेला असावा, आणि काम फसल्यास तेही गिऱ्हाइकाला दिसावे.

तपासणी पुढील क्रमाने करावी :

१) संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये एफ-१२ हे बटण दाबावे. 'नेटवर्क' विभाग उघडून चाचणीची ऑर्डर द्यावी. मागणीसमोर आकडा दिसतो. २०० म्हणजे सर्व्हरने नीट उत्तर दिले, ४०४ म्हणजे पत्ता चुकला, ४०३ म्हणजे मनाई, ५०० म्हणजे सर्व्हरवरच बिघाड.

२) मागणी निघालीच नसेल तर 'कन्सोल' विभागातील लाल अक्षरे वाचावीत. लायब्ररीच लोड झालेली नसू शकते. जेक्वेरीच्या ३.० आवृत्तीपासून (२०१६) तिचा 'स्लिम' हा हलका प्रकारही मिळतो. त्यात एजॅक्स आणि दृश्य परिणाम दोन्ही काढलेले आहेत. तो जोडला असेल तर ही दोन्ही कामे एकदम बंद पडतात. अशा वेळी पूर्ण लायब्ररी जोडावी.

३) आकडा २०० असूनही 'चूक झाली' असे येत असेल तर सर्व्हरचे उत्तर उघडून पाहावे. ठरलेल्या जेसन स्वरूपाच्या आधी पीएचपीची एखादी सूचना छापली गेली, तरी जेक्वेरी ते उत्तर नाकारते. ऑर्डर मात्र नोंदली गेलेली असते!

४) दुहेरी ऑर्डर टाळण्यासाठी पहिल्या क्लिकनंतर बटण बंद करावे. पण तेवढे पुरत नाही. ऑर्डर नोंदली गेली आणि उत्तर येता येता मोबाइलचे नेट तुटले, तर गिऱ्हाईक पुन्हा प्रयत्न करणारच. म्हणून प्रत्येक ऑर्डरला पानावरच स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हरने दुसरी नोंद करू नये.

५) मेनूवरून माउस चार वेळा फिरवला की तो नंतरही वर-खाली होत राहतो. कारण जेक्वेरी हे परिणाम रांगेत लावते. नवा परिणाम सुरू करण्याआधी 'स्टॉप' ही आज्ञा देऊन जुनी रांग रिकामी करावी.

६) नंतर आलेल्या मालाच्या यादीतील बटणे दाबली जात नसतील, तर क्लिकची व्यवस्था फक्त आधीच्या बटणांना लागलेली असते. ती 'ऑन' या आज्ञेने बाहेरच्या चौकटीला लावावी. १.७ आवृत्तीपासून (२०११) ही सोय आहे.

यातले काहीच स्वतः करता येत नसेल, तरी पहिल्या मुद्द्यातील आकडा टिपून कारागिराला दाखवावा. मग "नेट स्लो" हे उत्तर चालत नाही. घरातील मुला-मुलींनीही हे शिकावे. कांजूरमार्ग स्टेशनपासून जवळच असलेल्या पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने संगणकाचे अनेक धडे मराठीतही मोफत दिले आहेत.

बंधूंनो, कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, २८२) उधारीच्या व्यवहाराची लेखी नोंद ठेवण्याविषयी आहे. गिऱ्हाइकाची ऑर्डर आणि आगाऊ रक्कम ही आपल्याकडे अमानत असते. पडद्यावर 'धन्यवाद' झळकले म्हणजे सौदा पक्का झाला असे नव्हे. वहीत नोंद झाली तरच तो पक्का. म्हणून महिन्यातून एकदा तरी स्वतः चाचणीची ऑर्डर देऊन पडदा व वही ताडून पाहावी. इन्शाअल्लाह, हलाल रोजीत बरकतच होईल.