दाखल्याची व्याप्ती

नाशिकच्या बागेतली द्राक्षे रॉटरडॅमच्या बंदरात उतरतात, तेव्हा त्यांच्यासोबतच्या तपासणीच्या दाखल्यावर सही करणारा रसायनज्ञ तिथल्या खरेदीदाराने कधी पाहिलेला नसतो. तरीही त्या कागदावर भरवसा ठेवला जावा आणि नाशवंत माल पुन्हा तपासणीसाठी खोळंबू नये, म्हणून जी व्यवस्था उभी राहिली आहे, तिचा परिचय प्रत्यक्ष द्राक्षबागायतदारांपैकीही थोड्यांनाच असतो.

प्रयोगशाळांची पात्रता पारखून त्यांना अधिस्वीकृती देणाऱ्या संस्था देशोदेशी आहेत. आपल्याकडे हे काम एनएबीएल हे मंडळ करते. अशा संस्थांचा विचारविनिमय १९७७ साली कोपनहेगनच्या परिषदेत सुरू झाला, आणि २ नोव्हेंबर २००० रोजी वॉशिंग्टन येथे ३६ संस्थांनी आयलॅक या आपल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या परस्परमान्यता करारावर सह्या केल्या. या करारामागे कोणत्याही सरकारचा हुकूम नाही. एका देशाच्या मंडळाचे दप्तर, त्याच्या परीक्षकांची योग्यता आणि त्याचे निर्णय परदेशातील समव्यवसायी येऊन ठरावीक मुदतीने तपासतात, आणि त्या कसोटीस उतरलेल्या मंडळाचा शब्द इतरांनी आपलाच मानावा, एवढाच त्याचा आशय. परीक्षकाचीही परीक्षा होते, यातच मला या व्यवस्थेचे खरे बळ दिसते.

तथापि अधिस्वीकृती प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही; कोणता पदार्थ, कोणते रसायन, कोणती पद्धत, हे तिच्या व्याप्तिपत्रात नमूद असते, आणि त्याबाहेरच्या चाचणीला अधिस्वीकृतीच्या मुद्रेचे संरक्षण नसते. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपात आपल्या द्राक्षांत आढळले, माल अडकला आणि अनेक बागायतदार कर्जाच्या गर्तेत सापडले, तेव्हा दोष दाखल्यांच्या खरेपणात नव्हता. निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हते. जे शोधायला सांगितले नव्हते त्याविषयी दाखला मौनच पाळणार, आणि आयात करणाऱ्या देशाचा स्वतः तपासण्याचा अधिकार तर कोणताही परस्परमान्यता करार हिरावून घेत नाही.

म्हणून मला मनापासून वाटते, की रेसिड्यूचा रिपोर्ट हाती येताच ‘पास’ की ‘फेल’ एवढेच पाहणाऱ्या बागायतदाराने कोणकोणती रसायने तपासली आणि किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत, हेही प्रयोगशाळेला आवर्जून विचारावे. पैसे त्याचे, बाग त्याची, तेव्हा हे विचारण्याचा हक्कही त्याचाच आहे.