जस्तयुक्त झिओलाइट आणि हलक्या अल्केनांचे सक्रियण

प्रस्तावना :
मिथेन, इथेन, प्रोपेन व ब्युटेन ही हलकी अल्केने नैसर्गिक वायूतून आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मोठ्या प्रमाणावर मिळतात. त्यांचा बराचसा भाग इंधन म्हणून जाळला जातो. त्यांच्यापासून बेंझीन, टोल्युइन व झायलीन ही ॲरोमॅटिक संयुगे मिळविता आली, तर तोच वायू रंग, प्लास्टिक व औषधे यांचा कच्चा माल ठरतो. अडचण अशी की, अल्केनातील कार्बन-हायड्रोजन बंध बळकट व जवळजवळ अध्रुवीय असतो. मिथेनमधील हा बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ४३९ किलोज्यूल, तर प्रोपेनच्या मधल्या कार्बनवरील बंध तोडण्यास सुमारे ४१० किलोज्यूल ऊर्जा लागते. या बंधाच्या संदर्भात झिओलाइटमधील जस्त नेमके कोणते कार्य करते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

झिओलाइटची चौकट :
‘झिओलाइट’ ही संज्ञा स्वीडिश खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेट यांनी १७५६ मध्ये योजली. सिलिकॉन व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्सिजनयुक्त चतुष्फलकांची ही सच्छिद्र चौकट होय. जेथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम येते, तेथे चौकटीवर एक ऋणप्रभार निर्माण होतो. त्याचे संतुलन प्रोटॉनने केल्यास तीव्र ब्रॉन्स्टेड आम्लकेंद्र मिळते. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी विकसित केलेल्या व १९७२ मध्ये पेटंट मिळालेल्या झेडएसएम-५ या झिओलाइटमधील वाहिन्या सुमारे ०.५५ नॅनोमीटर रुंद आहेत. बेंझीनचा रेणू त्यांतून बाहेर पडू शकतो. त्याहून मोठे बहुवलयी रेणू मात्र सहसा आत घडू शकत नाहीत.

केवळ प्रोटॉनयुक्त झेडएसएम-५ वर प्रोपेन नेल्यास त्याच्या बऱ्याच भागाचे भंजन होऊन मिथेन व एथिलीन मिळतात. हाग व डेसाउ यांनी १९८४ मध्ये या मार्गाचे स्पष्टीकरण पंचबंधी कार्बोनियम आयनाच्या आधारे केले. यात तयार होणारे मिथेन पुढील अभिक्रियेच्या दृष्टीने वाया जाते.

जस्ताची विविध रूपे :
आयनविनिमयाने किंवा जस्ताच्या बाष्पाच्या साहाय्याने झिओलाइटमध्ये जस्त आणले, की ते एकाच रूपात राहत नाही. दोन ॲल्युमिनियम केंद्रे जवळ असतील तर एकटा द्विप्रभारी जस्त आयन त्यांचे संतुलन करतो. ती दूर असतील तर हायड्रॉक्सिलयुक्त एकप्रभारी आयन किंवा ऑक्सिजनने जोडलेली जस्तद्वये संभवतात. जस्ताचे प्रमाण अधिक झाल्यास झिंक ऑक्साइडचे पुंज स्फटिकाच्या बाह्य पृष्ठावर साचतात. म्हणून रासायनिक विश्लेषणातून मिळालेले जस्ताचे एकूण प्रमाण हे सक्रिय केंद्रांचे माप मानणे योग्य नाही. बिस्कार्डी, माइट्झनर व इग्लेसिया यांनी १९९८ मध्ये क्ष-किरण शोषणाच्या अभ्यासातून विनिमयस्थानी असलेल्या विलग जस्त आयनांकडे निर्देश केला.

जस्त आयनाची डी-कक्षा पूर्ण भरलेली असल्याने तो येथे प्रामुख्याने लुईस आम्ल म्हणून वागतो. अल्केन जवळ येताच कार्बनचा भाग जस्ताकडे व प्रोटॉन शेजारच्या चौकटीतील ऑक्सिजनकडे जातो. अशा विषमविदलनातून जस्त-अल्किल गट व नवे आम्लकेंद्र तयार होते. काझान्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने मिथेनच्या अशा विघटनाचा अभ्यास केला.

हायड्रोजनची कोंडी :
जस्त बंध तोडते, म्हणून अभिक्रिया वेगवान होते, असा निष्कर्ष सहज काढला जातो. परंतु तो अपुरा आहे. साधे प्रोपेन व सर्व हायड्रोजनांच्या जागी ड्यूटेरियम असलेले प्रोपेन एकत्र घेतल्यास त्यांच्यातील समस्थानिकांची अदलाबदल प्रोपेनच्या रासायनिक रूपांतरापेक्षा जलद होते. याचा अर्थ, बंध तुटणे व पुन्हा जुळणे वारंवार घडत असते. वेग अडतो तो पुढील पायरीवर. प्रोपेनच्या दोन रेणूंपासून बेंझीनचा एक रेणू तयार होताना हायड्रोजनचे पाच रेणू मुक्त व्हावे लागतात. पृष्ठभागावर साचलेल्या हायड्रोजन अणूंना बाहेर जाण्याचा सुलभ मार्ग नसेल, तर ते मध्यस्थ संयुगांशी पुन्हा संयोग पावतात. जस्त आयन या अणूंचे रेणूत रूपांतर करून त्यांना वायुरूपात मुक्त करतो. परिणामी हायड्रोजननिरासाचा वेग व ॲरोमॅटिक संयुगांचे प्रमाण ही दोन्ही वाढतात आणि भंजनाचा वाटा घटतो.

मर्यादा :
मुक्त होणारा हायड्रोजन उच्च तापमानास जस्ताचे क्षपण करू शकतो. धातुरूप जस्त बाष्पनशील असल्याने ते वायुप्रवाहाबरोबर हळूहळू निघून जाते व उत्प्रेरकाची क्रियाशीलता घटते. यूओपी व बीपी यांच्या ‘सायक्लार’ प्रक्रियेत गॅलियमयुक्त झिओलाइट वापरला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील चौधरी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अल्कीनच्या सान्निध्यात मिथेनचे सक्रियण दाखविले, तेही गॅलियमयुक्त झिओलाइटवरच. तथापि, जस्त गॅलियमच्या मानाने पुष्कळ स्वस्त असल्याने त्यास चौकटीत स्थिर ठेवण्याचे प्रयत्न महत्त्वाचे ठरतात.

समारोप :
जस्तयुक्त झिओलाइटमध्ये प्रोटॉन व जस्त आयन परस्परपूरक कार्य करतात. आम्लकेंद्रे कार्बनसाखळ्या जोडतात व वलये घडवितात. जस्त आयन बंधाचे विदलन सुकर करून हायड्रोजनला वाट देतो. उत्प्रेरकाची गुणवत्ता जस्त किती आहे यापेक्षा ते कोठे, कोणत्या रूपात आणि किती काळ टिकून आहे यावर अवलंबून असते. उत्प्रेरकाची रचना करताना व त्याचे मूल्यमापन करताना हाच निकष समोर ठेवणे आवश्यक आहे.