‘योग्य पगार’ मोजायचा कसा?

पीएच.डी.च्या पहिल्या प्रेझेंटेशनला मी मोठ्या आत्मविश्वासाने विषय मांडला होता : ‘शिक्षक व मुख्याध्यापकांना कामाच्या मानाने योग्य वेतन मिळते का?’ गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, “योग्य म्हणजे कोणाच्या तुलनेत?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यापैकी जे सिनॉप्सिस लिहायला बसलेत, त्यांच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून ही पोस्ट.

‘योग्य’ थेट मोजता येत नाही, तुलना मोजता येते. मला तीन तुलना सापडल्या.

१. तेच काम करणाऱ्याशी तुलना

महाराष्ट्रात २००० पासून शिक्षण सेवक योजना आहे. नवीन शिक्षक पहिली तीन वर्षं मानधनावर काम करतो. प्राथमिकसाठी हे मानधन बरीच वर्षं महिना ६,००० रुपये होतं, २०२३ मध्ये ते १६,००० झालं. शेजारच्या वर्गावरच्या नियमित शिक्षकाचं नुसतं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार २९,२०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. पुस्तक तेच, फळा तोच!

मग हे अन्यायाचं आहे, असं लगेच लिहून टाकायचं का? थांबा. ‘समान काम, समान वेतन’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हंगामी कर्मचाऱ्यांना लागू केलं. पण २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने बिहारच्या सुमारे साडेतीन लाख नियोजित शिक्षकांना नियमित शिक्षकांइतकं वेतन नाकारलं, कारण त्यांची भरती आणि संवर्ग वेगळा मानला गेला. म्हणजे ‘समान काम’ याची व्याख्या तुम्हालाच आधी करावी लागते.

२. प्रत्यक्ष कामाशी तुलना

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला १५० पेक्षा जास्त मुलं असतील तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद. मग दोनशिक्षकी शाळेत काय होतं? ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार येतो. पोषण आहाराची नोंदवही, यू-डायसची माहिती, मीटिंगा हे सगळं करून वर्गही घ्यायचा. जनगणना आणि निवडणुकीची कामं तर कायद्यातच आहेत.

इथे प्रश्नावलीत ‘तुम्हाला कामाचा ताण वाटतो का?’ असं विचारू नका. सगळेच ‘हो’ म्हणतील आणि तुम्हाला काहीच कळणार नाही. त्यापेक्षा आठवडाभराची वेळ-नोंद भरून घ्या : किती तास शिकवणं, किती तास कागद.

३. परिणामाशी तुलना

‘पगार वाढवला तर मुलं जास्त शिकतील’ हे गृहीतक आपल्याला सहज पटतं. इंडोनेशियात ते तपासलं गेलं. तिथे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट होत होतं. डे री, मुरलीधरन, प्रधान आणि रॉजर्स यांनी ३६० शाळा घेतल्या, त्यांतल्या १२० शाळा सोडत पद्धतीने निवडून तिथल्या पात्र शिक्षकांना ही वाढ लवकर मिळवून दिली. २०१८ मध्ये त्यांचा पेपर आला. शिक्षक जास्त समाधानी झाले, पैशाची चिंता आणि जोडधंदा कमी झाला. मुलांच्या गुणांत मात्र दोन-तीन वर्षांनंतरही फरक दिसला नाही.

हा निष्कर्ष वाचून ‘मग पगार कशाला वाढवायचा?’ असं म्हणणारे भेटतील. सावध राहा. ही वाढ आधीच नोकरीत असलेल्यांना, बिनशर्त मिळाली होती. चांगल्या पगारामुळे पुढे कोण या पेशात येईल, याचं उत्तर हा प्रयोग देत नाही. आणि मुलांचे गुण वाढले नाहीत म्हणून ६,००० रुपयांत घर चालवणं न्याय्य ठरत नाही. ‘परिणामकारक’ आणि ‘न्याय्य’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी ते एकाच वाक्यात कोंबले होते.

आता तुमचा विषय समोर घ्या. त्यातल्या ‘योग्य’, ‘पुरेसा’, ‘प्रभावी’ अशा शब्दांखाली रेघ मारा आणि प्रत्येकापुढे लिहा : कोणाच्या तुलनेत? उत्तर एका ओळीत आलं, तर तुमच्याकडे संशोधनप्रश्न आहे. नाही आलं, तर अजून फक्त मत आहे. मत असणं वाईट नाही, सुरुवात तिथूनच होते.