मानणे आणि मानून चालणे

देव आहे की नाही हा वाद आपल्याकडे कुठेही रंगतो. लग्नाच्या मांडवात, लोकलच्या डब्यात, कचेरीत जेवणाच्या सुट्टीत. वाद तापला की एक वाक्य हमखास येते : "अहो, तुमचे विज्ञानसुद्धा काहीतरी गृहीत धरूनच चालते ना? मग आम्ही देव धरला तर बिघडले कुठे?" यावर आपली माणसे पुष्कळदा गप्प बसतात. गप्प बसण्याचे कारण नाही. पण उत्तर देण्यापूर्वी ते आपल्याला नीट समजलेले हवे.

सारा घोटाळा 'मानणे' या शब्दापाशी आहे. शाळकरी मूल गणित सोडवताना लिहिते, "क्ष ही संख्या मानू." शेजारच्या आजी म्हणतात, "आम्ही देव मानतो." क्रियापद एकच, पण व्यवहार निराळा. गणितातले मानणे ताळा घेईपर्यंतचे असते. ताळा जुळला नाही तर मूल क्षसाठी रडत बसत नाही; खोडते आणि पुन्हा मांडते.

विज्ञानाचेही तसेच आहे. एकोणिसाव्या शतकातले शास्त्रज्ञ मानून चालले होते की, प्रकाशाच्या लहरी वाहून नेणारा 'ईथर' नावाचा पदार्थ सगळ्या अवकाशात भरलेला आहे. १८८७ साली अमेरिकेत मायकेलसन आणि मॉर्ले यांनी त्याचा माग काढण्यासाठी काटेकोर प्रयोग केला. ईथरचा पत्ता लागला नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने ईथरवाचून काही अडत नाही, अशी मांडणी केली आणि ईथर हळूहळू बाजूला पडला. त्याच्यासाठी कोणी कोणाला वाळीत टाकले नाही. गृहीत धरलेली गोष्ट अशी सोडता येते. जी सोडायची तयारीच नाही, तिला गृहीतक म्हणणे ही शब्दांची फसवणूक होय.

कोणी पाहिले?

दीघनिकायातील तेविज्ज सुत्तात असाच वाद आहे. कोसल देशातील मनसाकट गावी वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण ब्रह्म्याकडे नेणारा खरा मार्ग कोणता, यावरून भांडले आणि निवाड्यासाठी तथागतांकडे गेले. तथागतांनी ब्रह्मा नाही असे सिद्ध करण्याचा खटाटोप केला नाही. त्यांनी एवढेच विचारले की, तीन वेद जाणणाऱ्यांपैकी कोणी ब्रह्म्याला प्रत्यक्ष पाहिले आहे काय? त्यांच्या गुरूंनी? गुरूंच्या गुरूंनी? सात पिढ्या मागे जाऊन तरी कोणी? प्रत्येक वेळी उत्तर आले, नाही. मग त्यांनी दृष्टांत दिला. एकमेकांना धरून चाललेली आंधळ्यांची रांग. पुढच्याला दिसत नाही, मधल्याला नाही आणि शेवटच्यालाही नाही. दुसरा दृष्टांत चव्हाट्यावर जिना बांधणाऱ्याचा. वाडा कोणत्या दिशेला, किती उंच, हे ठाऊक नाही. पण जिना मात्र चालू!

श्रद्धा म्हणजे केवळ गृहीतक नव्हे, हे आम्हाला मान्य आहे. दुःखात माणसाला धीर लागतो, आधार लागतो. बौद्ध परंपरेतही सद्धा आहे. पंचेंद्रियांत तिचे नाव पहिले आणि प्रज्ञेचे शेवटचे. पण सद्धेला प्रज्ञेची सोबत हवी. मनाला आधार वाटतो, हे मनाबद्दलचे सत्य झाले. तेवढ्याने जगात देव आहे, हे सिद्ध होत नाही. 'माझी श्रद्धा आहे' हे वाक्य वादात पुरावा म्हणून मांडले, की त्यालाही ताळा द्यावाच लागेल.

किंमत कोण देतो?

'कोणी काही मानले तर आपले काय जाते?' असे काहीजण म्हणतात. इंग्लंडमधील गणिती विल्यम क्लिफर्ड याने १८७७ साली याला एका गोष्टीतून उत्तर दिले. एका मालकाचे जहाज जुने झालेले असते. त्याला शंका येते, पण दुरुस्तीला पैसा लागणार. तो मनाला समजावतो की, देव एवढ्या कुटुंबांना सांभाळील. अगदी मनापासून विश्वास ठेवून तो जहाज सोडतो. जहाज बुडते, मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालक दोषीच. कारण असा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. स्पर्शाने पाणी विटाळते, हे कोणी कधी तपासले होते? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तळ्याचे 'शुद्धीकरण' करणाऱ्यांची श्रद्धा खोटी नव्हती, खरीखुरी होती. तहान मात्र दुसऱ्यांची होती. पुढे प्रकरण कोर्टात गेले. अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची वहिवाट अनादिकालापासूनची आहे, असा दावा होता. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशी वहिवाट सिद्ध झालेली नाही. पिढ्यान्पिढ्या मानलेल्या गोष्टीला पुरावा मागितला, तेव्हा तो निघाला नाही.

आता आपल्या घराकडे वळू. मुलाने विचारले, "आई, देव असतो का गं?" तर "बाबासाहेबांनी नाही म्हटले आहे" एवढे सांगून त्याला गप्प करू नये. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या प्रतिज्ञांत 'मानणार नाही' हे शब्द आहेत. ते पाठ करून भागत नाही, पटावे लागतात. केवळ आपला गुरू सांगतो म्हणूनही एखादी गोष्ट स्वीकारू नका, असे कालामांना तथागतांनीच बजावले होते. तेव्हा मुलाला दोन प्रश्न शिकवावेत : हे कशावरून? आणि हे खोटे निघाले तर सोडशील का? हेच दोन प्रश्न त्याने उद्या आपल्यालाही विचारले, तर रागावू नये. त्याला शेजारी बसवून उत्तर शोधावे.