धरसोड आणि दोन घोडे

इंग्रजीत 'डेसल्टरी' नावाचे एक विशेषण आहे. शब्दकोशात अर्थ दिसतात ते विस्कळीत, पद्धतशून्य, असंबद्ध असे. बँकेच्या नोकरीत हा शब्द मी वाचला तो बहुधा गोपनीय अहवालांत, कुणाची तरी बढती अडवण्यासाठी वापरलेला. एकदा मात्र तो पीककर्जाच्या अर्जावर भेटला.

अर्जदार माळशिरस तालुक्यातला. या तालुक्यात नीरेचा उजवा कालवा आहे, पण त्याचे पाणी सगळ्या शिवारांना मिळत नाही. या गृहस्थांचे रान पार टोकाला. एका वर्षी त्यांनी मका केला, पुढच्या वर्षी बाजरी, मग डाळिंबाचे खड्डे घेतले. वरच्या कचेरीतल्या साहेबांनी शेरा मारला, 'शेतीची पद्धत डेसल्टरी'. कर्ज नामंजूर झाले आणि ते सावकाराच्या दारी गेले.

आता या शब्दाचे मूळ पाहा. प्राचीन रोममध्ये शर्यतींच्या मैदानात 'डेसल्टर' नावाचा स्वार असे. जोडीने दौडणाऱ्या घोड्यांपैकी एकाच्या पाठीवरून दुसऱ्याच्या पाठीवर उडी घ्यायची, हे त्याचे काम. त्यात पद्धत नव्हती असे कोण म्हणेल? उडी चुकली तर मान मोडायची! 16व्या शतकाच्या अखेरीस शब्द इंग्रजीत रुळला, तेव्हा त्यात उडी तेवढी उरली, कसब गळून पडले. 'हॅपहॅझर्ड'चे कूळ निराळे. त्यातला 'हॅप' म्हणजे नशीब, 'हॅझर्ड' म्हणजे फाशांचा खेळ. तिथे सारा हवाला दैवावर. आपण मात्र दोघांनाही 'अव्यवस्थित' म्हणून मोकळे होतो.

वास्तविक मराठी काही गरीब नाही. माणूस गबाळा, विचार भोंगळ, कारभार गलथान. 'डेसल्टरी'ला मला सर्वांत जवळचा वाटतो तो 'धरसोड'. फक्त का धरले आणि का सोडले, हे तोही सांगत नाही.

माळशिरसकरांना घोड्यांची दौड नवी नाही. आषाढी वारीत माउलींची पालखी या तालुक्यातून जाते, पुरंदावड्याला गोल रिंगण होते. परक्याला दिसते ती नुसती गर्दी. पण रथापुढच्या 27 दिंड्यांचा क्रमसुद्धा ठरलेला असतो. संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवत राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते. मला ही व्यवस्था कोणत्याही कचेरीपेक्षा शहाणी वाटते.

त्या शेतकऱ्याचे म्हणणे साधे होते. कालव्याची पाळी आली तर मका, चुकली तर बाजरी, आणि दोन्हींचा भरवसा उरेना तेव्हा कमी पाण्यावर तग धरणारे डाळिंब. पाळी कोणत्या साली मिळाली, कोणत्या साली हुकली, हे पाटबंधारे खात्याच्या दप्तरात मिळाले असते. ते कोणी मागवले नाही.