निबंधाचे गुण आणि इतिहासाची समज

अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांसाठी कॉलेज बोर्ड ही संस्था महाविद्यालयीन दर्जाची 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षा घेते. तीत चांगले यश मिळाल्यास अनेक महाविद्यालये श्रेयांक देतात. साहजिकच इतिहासाच्या निबंधाचे गुणदान हा तेथे विद्यार्थ्याच्या वेळेचा आणि फीचाही प्रश्न असतो.

या परीक्षेतील दस्तऐवजाधारित प्रश्न अमेरिकेच्या इतिहासाच्या पेपरात 1973 मध्ये आला. विद्यार्थ्याने दिलेले दस्तऐवज वाचून स्वतःचे प्रतिपादन मांडावे, ही त्यामागची अपेक्षा. या पेपरात 2014 पर्यंत संपूर्ण निबंध वाचून 0 ते 9 यांपैकी एकच आकडा दिला जाई. अनुभवी परीक्षकाला ही पद्धत सोयीची होती. परंतु आपले नेमके कुठे चुकले, हे त्या आकड्यावरून विद्यार्थ्याला कळत नसे.

2015 पासून गुणांची फोड झाली. 2018 मध्ये सुधारलेल्या निकषांनुसार एकूण 7 गुण असे विभागले गेले : प्रतिपादनाला 1, ऐतिहासिक संदर्भाला 1, पुराव्याला 3, साधनचिकित्सेला 1 आणि विषयाच्या गुंतागुंतीची जाण दाखविण्याला 1.

2024 च्या परीक्षेपासून एकूण गुण तेच राहिले, अटी मात्र बदलल्या. दस्तऐवजांच्या आधारे प्रतिपादन सिद्ध करण्याचे पूर्ण गुण मिळण्यासाठी पूर्वी सातांपैकी सहा दस्तऐवज वापरावे लागत. आता चार पुरतात. साधनचिकित्सा तिनांऐवजी दोन दस्तऐवजांची अपेक्षित आहे. गुंतागुंतीचा गुण मिळविण्याचे मार्गही अधिक स्पष्ट करण्यात आले. म्हणून जुन्या नमुना-उत्तरांवर विसंबणारा शिक्षक विद्यार्थ्याला अनावश्यक धावपळ करायला लावतो.

साधनचिकित्सा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ऑगस्ट 1862 मध्ये अब्राहम लिंकन यांनी संपादक होरेस ग्रीली यांना पत्र लिहून, संघराज्य वाचविणे हेच आपले उद्दिष्ट असल्याचे सांगितले. "लिंकन अध्यक्ष होते, म्हणून ते असे म्हणाले," एवढ्याने गुण मिळत नाही. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा तेव्हा तयार होता. पत्र वृत्तपत्राच्या संपादकाला लिहिलेले होते. म्हणून त्याकडे उत्तरेतील जनमत तयार करण्याचा प्रयत्न या दृष्टीने पाहावे लागते. असे दाखवून विद्यार्थ्याने ते आपल्या प्रतिपादनाशी जोडले, तर तो गुणास पात्र ठरतो.

फोड केलेल्या निकषांत धोकाही आहे. विद्यार्थी एकेक गुण टिपत जातो आणि निबंधाचा धागा सुटतो. यावर उपाय एवढाच की निकष परीक्षेच्या तोंडावर न सांगता वर्षारंभी वर्गात वाचावेत, त्यांच्या आधारे विद्यार्थ्यांनी एकमेकांचे निबंध तपासावेत आणि प्रत्येक गुण का दिला किंवा का नाकारला, याचे कारण एका वाक्यात लिहावे. कारण लिहिता आले, की निकष समजला असे मानण्यास हरकत नाही. गुण देणाऱ्या शिक्षकालाही हीच कसोटी लागू पडते.